अंदाजानं खत नको म्हणता, मग अंदाजानं बोअर का करता?



गेले तीन आठवडे इथं काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी होती, गाडी आजारी होती. आमची 1999 ची ओमनी. दादांनी घेतलेली. तिनं वांगी वाहिली, दुधाच्या किटल्या वाहिल्या, बहिणीची पाठवणी केली, आणि दादांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिनंच. गेल्या दिवाळीपासून ती निळा धूर टाकायला लागली. तीनशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खायची. बाजारात मागं उभा राहणारा टेम्पोवाला विचारायचा, "काय शेठ, फवारणी चालू केली का?"

मेकॅनिकला दाखवली. त्यानं रेस दिली, धूर बघितला आणि म्हणाला, फुल काम. बोअर, तिन्ही पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, सगळं. 32,000 रुपये. नाहीतर भंगारात द्या. पाच मिनिटांत निदान झालं. एक पानासुद्धा हातात घेतला नव्हता.

मी त्याला दोष देत नाही, ते पुढं सांगतो. पण घरी येताना डोक्यात एकच चालू होतं. आपण याच पेजवर किती वेळा भांडलोय की शेजाऱ्यानं टाकलं म्हणून डीएपी टाकू नका, आधी माती तपासा. व्ही आकाराचा खड्डा घ्या, वीस-बावीस सेंटिमीटर खोल, सगळ्या नमुन्यांचा ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत. 2015 ला मृदा आरोग्य पत्रिका आली तेव्हापासून कृषी सहायक हेच सांगतोय. आणि ती पत्रिका कपाटात ठेवून मी 32,000 चं काम धूर बघून ठरवणार होतो.

सोयाबीनची पेरणी उरकली होती, पाऊस लागून होता, शेतात पाय ठेवता येत नव्हता. म्हटलं, एकदा खोलून तर बघू. मी आयुष्यात कधी हेड उतरवलं नव्हतं. शेतातल्या पंपाचा वॉशर बदलणं एवढीच आपली मजल.

खोलायच्या आधी पहिलं माप घेतलं कॉम्प्रेशनचं. तालुक्यातला एक लेथवाला ओळखीचा, त्यानं गेज दिलं. इंजिन गरम करायचं, तिन्ही प्लग काढायचे, पेट्रोल आणि करंट बंद करायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. आकडे आले 150, 140 आणि 95 पीएसआय. सिलिंडरा-सिलिंडरात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको असतो. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. 135. ऑइल टाकल्यावर आकडा चढला म्हणजे हवा रिंगांच्या बाजूनं निसटते, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती बुजते. चढला नसता तर व्हॉल्व्ह नाहीतर हेडच्या पॅकिंगकडे बघावं लागलं असतं. एवढं कळायला खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास.

ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की दिसतं, पण उतरवायचं खालून. दोन दिवस त्यातच गेले. गोठ्यात ताडपत्री अंथरून त्यावर सगळं मांडलं. हेड उतरवलं आणि बोअरमध्ये नख फिरवलं तर वरच्या टोकाला कडा लागली. रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत लोखंड झिजलेलं, त्याच्या वर मूळ माप तसंच. ती कडा म्हणजे सव्वीस वर्षांचा हिशेब. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग तुटलेली होती.

मग ब्लॉक घेऊन लेथवर. इथं मी आयुष्यात पहिल्यांदा डायल बोअर गेज नीट बघितलं. एका सिलिंडरला वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं दोनदा. तीन सिलिंडरचे 18 आकडे. या 796 सीसी इंजिनाचा मूळ बोअर 68.5 मिलिमीटर. तिसरा वर 68.65 भरला, खाली 68.53. बाकी दोन त्याच्या अलीकडे. म्हणजे बोअर करावाच लागणार होता, मेकॅनिकचं तेवढं बरोबर होतं. पण पंचवीस पॉइंटच्या ओव्हरसाइजमध्ये भागत होतं. लेथवाले त्याला दहा थाऊ म्हणतात. पन्नास पॉइंटला जायची गरज नव्हती, म्हणजे ब्लॉकमध्ये अजून एका बोअरचं आयुष्य शिल्लक राहिलं. आणि क्रँक? मायक्रोमीटर लावला तर जर्नलला ना गोलाई गेलेली, ना चरे. ग्राइंडिंगची गरजच नव्हती. स्टँडर्ड मापाचे नवे बेअरिंग टाकले, विषय संपला. धूर बघून सांगितलं असतं तर चांगला क्रँक घासून बारीक केला असता.

लेथवाल्यानं अजून एक गोष्ट शिकवली. म्हणाला, पिस्टन आधी आणा, मग मी बोअर करतो. मला वाटलं, माप ठरलेलं आहे तर आधी बोअर का नाही? तर खोक्यावर एकच माप लिहिलेलं असलं तरी तीन पिस्टनमध्ये बारीक फरक असू शकतो, आणि पिस्टन व बोअर यांच्यात ठेवायची फट केसाच्या जाडीपेक्षा कमी. म्हणून पिस्टन मोजून त्याच्या मापानं बोअर.

आता मुख्य गोष्ट. एवढं झिजलं कशानं?

फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या बाजूनं चीर होती. वरून दिसत नव्हती. मी दर वर्षी फिल्टर बदलत होतो आणि इंजिन त्या चिरेतून आमच्या पांदीची धूळ ओढत होतं. कृषीवाले मित्रहो, इथं तुमचा विषय येतो. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षा लहान. वाळूचा मोठा, तो बऱ्याचदा आधीच खाली बसतो. घात करतो मधला, गाळाचा कण. रिंग आणि बोअर यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा, आणि हा कण नेमका त्या मापाचा नाहीतर थोडा मोठा. त्यात क्वार्ट्झ असतं, ते बिडाच्या लोखंडापेक्षा कठीण. ऑइलमध्ये मिसळलं की झाला पॉलिश पेपर. वाहत्या पाण्यानं आणलेला गाळ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तोच वाळून उडाला की इंजिनाचा काळ.

ट्रॅक्टरचा हिशेब करून बघा. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, दोन हजार आरपीएम. दोन फेऱ्यांत एकदा हवा भरतं. मिनिटाला अडीच हजार लिटर. दहा तास रोटावेटर चालला तर 1,500 घनमीटर हवा. पंचवीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, तीन मीटर खोल शेततळं भरेल एवढी, आणि तीही रोटावेटरनं स्वतःच उडवलेल्या धुळीतली. आणि आपण ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी कधी उघडतो? सर्व्हिसिंगला. धुळीच्या कामात ती रोज संध्याकाळी उघडून बघायची वस्तू आहे.

जोडताना माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगतो, कारण पहिल्यांदा करणाऱ्याची ही ठरलेली चूक असावी. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या सोडताना खुणा न बघता एका घमेल्यात टाकल्या. प्रत्येक टोपी तिच्याच रॉडबरोबर मशीन केलेली असते, बाजूसुद्धा ठरलेली. बसवल्या, आवळल्या, आणि क्रँक हातानं फिरवायला गेलो तर जाम. रात्रीचे दहा वाजले होते. पुतण्या म्हणाला, "काका, स्टार्टर मारून सुटेल." मारला असता तर नव्या बेअरिंगचं वाटोळं झालं असतं. सगळं पुन्हा सोडलं, बॅटरी लावून खुणा शोधल्या, दोन टोप्यांची अदलाबदल झाली होती. त्या दिवसापासून नियम केला, प्रत्येक बोल्ट आवळला की क्रँक हातानं फिरवून बघायचा.

आणि एक श्रेय आईचं. बोअर करून आणलेला ब्लॉक मी पेट्रोलनं पुसला, चकाचक दिसत होता. आई म्हणाली, पांढरं फडकं फिरव. फिरवलं, करडं निघालं. होनिंगच्या दगडाची भुकटी चरांमध्ये अडकते, पेट्रोलनं ती निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. तीन वेळा धुतला तेव्हा फडकं पांढरं राहिलं. लगेच कोरडा करून ऑइल लावायचं, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत गंज धरतो. ज्या धुळीपायी इंजिन गेलं, तीच मी स्वतःच्या हातानं आत कोंडणार होतो.

हेड बसवायला टॉर्क पाना मागून आणला. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत. टायमिंग मात्र मला जमलं नाही. त्यासाठी त्याच मेकॅनिकला घरी बोलावलं, 1,500 रुपये दिले. त्यानं 18 आकड्यांचा कागद बघितला आणि जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तुम्ही बघता. बाकीची गिऱ्हाईकं फक्त विचारतात, गॅरंटी किती?"

बरोबर आहे त्याचं. अर्धं काम केलं आणि गाडी सहा महिन्यांत परत धूर टाकायला लागली, तर आपण चारचौघांत त्याचं नाव घेणार. म्हणून तो सगळंच बदलायला सांगतो. भीतीपोटी आपण जास्तीची फवारणी घेतो ना, तसंच.

खर्च उघड करतो. सामान 9,400. लेथ 2,600. ऑइल आणि किरकोळ 1,900. मेकॅनिक 1,500. गाडी उभी असताना बाजाराला आठ खेपा भाड्याच्या टेम्पोनं, 5,600. एकूण 21,000. वाचले 11,000, आणि माझे 19 दिवस गेले ते यात धरलेले नाहीत. ते धरले तर फायदा जेमतेम, भर हंगामात तर तोटाच. त्यामुळे प्रत्येकानं इंजिन स्वतः खोलावं असं मी म्हणत नाही. व्हिडिओ बघून सुरुवात करून गोणीत भरलेली इंजिनं लेथवाल्याच्या दारात मी बघितलीत.

माझं म्हणणं एवढंच की काम मेकॅनिकलाच द्या, पण आकड्यांशिवाय देऊ नका. खोलायच्या आधी कॉम्प्रेशनचे आकडे, खोलल्यावर बोअरचे आणि क्रँकचे, कागदावर. मापाचे पैसे वेगळे मागितले तर द्या. माझ्या लेथवाल्यानं मापाचे 300 घेतले आणि त्या 300 मुळं क्रँक वाचला. आणि कृषी विज्ञान केंद्रवाले कुणी वाचत असतील तर एक विनंती. तुमच्या शिबिरात एक दिवस माती परीक्षणाचा असतोच. त्याच दिवशी मांडवाबाहेर आठ-दहा ट्रॅक्टर उभे असतात. एक कॉम्प्रेशन गेज आणा, एअर क्लीनर उघडून दाखवा. फोटोत काळे हात येतील, पण लोक जागचे उठणार नाहीत.

ओमनी चालू होऊन आता 640 किलोमीटर झालेत. पहिलं ऑइल बदललं, त्यात चकाकी होती, नव्या रिंगा बसताना थोडी येतेच. डिपस्टिकवरची पातळी अजून वरच्या खुणेला आहे. नळी नवी टाकली, तिच्या दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. उद्या नानांच्या ट्रॅक्टरची वाटी उघडायची आहे. ते म्हणतात, घेतल्यापासून उघडलीच नाही. फोटो टाकतो.