कब्जा आपला, कागद त्यांचा

अंबरनाथ पूर्वेला खोली घेणारा आपला माणूस काय करतो? फंड काढतो, बायकोचं डोरलं मोडतो, इसार देतो. नोटरीचा शिक्का मारलेलं साठेखत पत्र्याच्या पेटीत टाकतो आणि राहायला येतो. खरेदीखत राहतं ते राहतंच. मग भाव चढतो. मालक दारात : 'खाली कर. नावावर काय आहे तुझ्या?'

नावावर काही नाही, हे खरंच. साठेखतानं मालकी येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ साली तेच बजावलं. पण म्हणून आपला माणूस उपरा ठरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली कलम ५३-अ घातलं गेलं. सहीचा लेखी करार, त्यापोटी मिळालेला ताबा, उरलेले पैसे द्यायची तयारी, एवढं असेल तर मालक त्याला हुसकू शकत नाही. खरेदीखतासाठी दावा लावायची मुदत टळली तरी ही ढाल टिकते, असं कोर्टानं २००२ साली सांगितलं.

मेख पुढंच आहे. २४ सप्टेंबर २००१ पासूनचं साठेखत नोंदवलेलं नसेल तर ढाल गळाली! नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दलाल हे कशाला सांगेल? त्याचं कमिशन खिशात गेलेलं. आणि खर्च वाचला म्हणून आपणही खूश.

गुंड आणून सामान रस्त्यावर फेकलं तर? १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम ६ काढा, सहा महिन्यांच्या आत दावा लावा. तिथं कोर्ट मालकी विचारत नाही. बळजबरीनं काढलं का, एवढंच बघतं.

आज रात्री पेटी उघडा. साठेखतावर दुय्यम निबंधकाचा शिक्का आहे का बघा.