डोंगरापासून दर्यापर्यंत : न विरणाऱ्या विषाचा प्रश्न

खोडाळा समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत वसले आहे. तेथील माणसाने डॉल्फिनची चिंता का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वैतरणा देते. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावून मोखाडा तालुक्यातून वाहणारी ही नदी अर्नाळा आणि दातिवरे यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. डोंगरात टाकलेले अखेर दर्याच्या पदरी पडते.

दूरचित्रवाणी संच, संगणक, गाद्यांचा फोम यांनी चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायने मिसळली गेली. हेतू जीव वाचवण्याचा होता. परंतु त्यांपैकी ‘पीबीडीई’ गटातील रसायने वस्तूशी घट्ट बांधलेली नसतात. धूळ, सांडपाणी आणि जळत्या कचऱ्याचा धूर यांतून ती बाहेर पडतात, सहजी विरत नाहीत आणि चरबीत साठतात. लहान मासा मोठ्याच्या पोटी जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाते. अन्नसाखळीच्या टोकाशी असलेली डॉल्फिन मादी हे विष दुधावाटे पिलास देते. पहिल्या पिलाच्या वाट्याला ते सर्वाधिक येते.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या आशियाई सागरांच्या एका अभ्यासात हाँगकाँगच्या डॉल्फिनवर्गीय प्राण्यांत हे प्रमाण सर्वाधिक, तर भारताकडील प्राण्यांत बरेच कमी आढळले. मात्र तेव्हापासून आपल्याकडील विजेच्या वस्तू किती वाढल्या, हे सांगावयास नको.

उपाय नाही असे नव्हे. स्वीडनमध्ये मातांच्या दुधातील ही रसायने 1972 ते 1997 या काळात दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेली. वापर आवरल्यावर ती घटू लागली. स्टॉकहोम करारान्वये 2009 आणि 2017 साली यांतील प्रमुख रसायनांवर जागतिक निर्बंध आले. भारतानेही 2018 च्या नियमांद्वारे त्यांपैकी काहींवर बंदी घातली. पण बंदी नव्या उत्पादनास रोखते; घरातील आणि भंगारातील जुन्या संचांचे काय?

येथे प्रश्न न्यायाचा होतो. मोखाड्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबई पिते. तालुक्यातील आदिवासी भगिनी मात्र उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. तांब्यासाठी तारा जाळणाराही गरीबच, आणि तो धूर प्रथम त्याच्याच छातीत जातो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शरीरात साचत जाणाऱ्या रसायनांचा उल्लेख केला आणि वसुंधरेचा व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले, ते याचसाठी.

2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती शहरांपुरती न राहता खोडाळ्याच्या बाजारापर्यंत पोहोचावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. तोवर धर्मग्रामांनी आणि शाळांनी जुन्या विद्युत वस्तू गोळा करून नोंदणीकृत केंद्राकडे द्याव्यात. त्या जाळू नयेत, ओहोळात टाकू नयेत. निर्मात्याने सृष्टी आपल्या हाती राखणीसाठी दिली आहे.