थोडं अ‍ॅडजस्ट कर ना!

कॅमेरा पडला तेव्हा आजीचा हात पोळपाटापासून जेमतेम वीतभर लांब होता. पुरणाचा गोळा घ्यायला ती पातेल्याकडे वळली आणि वरून माझा किलोभराचा कॅमेरा धप्पकन पोळपाटावर! लाटणं एकीकडे, पिठी दुसरीकडे आणि मी पांढरीफटक. आजी शांतपणे म्हणाली, ‘‘अगं, फुटला का बघ आधी.’’

थांबा, जरा फ्लॅशबॅक.

आजी ८१ वर्षांची. गुडघे बोलतात, पण होळीची पुरणपोळी तिचीच. पुणे, बंगळुरू ते न्यू जर्सी, आमची सगळी भावंडं फोन करून विचारतात, ‘‘आजी, मैदा किती, कणीक किती?’’ उत्तर एकच, ‘‘अंदाजानं.’’ आता हा अंदाज कुठल्या चमच्यानं मोजणार? तो तिच्या बोटांत आहे. म्हणजे बोटंच शूट करायला हवीत, तीही बरोब्बर वरून. मास कॉमची डिग्री घरी कधी उपयोगी पडणार, म्हणा!

पहिला प्रयत्न ट्रायपॉडचा. वन बीएचकेच्या किचनमध्ये ट्रायपॉडचे तीन पाय, माझे दोन आणि आजीचं स्टूल! ‘‘आजी, थोडी मागे सरक... थोडी डावीकडे... जरा अ‍ॅडजस्ट कर ना!’’ चौथ्यांदा म्हटल्यावर तिनं लाटणं खाली ठेवलं. ‘‘मी सरकू का पोळी लाटू?’’

पॉइंट होता. अ‍ॅडजस्ट कॅमेऱ्यानं व्हायचं असतं.

मग आणला मॅजिक आर्म. नाव जादूचं, पण काम साधं, आपल्याच हातासारखं. दोन दांड्या, मध्ये कोपर, दोन्ही टोकांना गोल फिरणारे बॉल. मधली एकच मूठ फिरवली की आतल्या सळ्या दोन्ही टोकांच्या बॉलवर दाबल्या जातात आणि तिन्ही सांधे एकदम लॉक! दुसऱ्या टोकाला क्लॅम्प. इटलीत लिनो मॅनफ्रोटो नावाचा एक प्रेस फोटोग्राफर होता. जड, गैरसोयीच्या स्टँडना कंटाळून तो स्वतःच स्टँड बनवायला लागला. पुढे त्याची कंपनीच झाली. तिचा सुपर क्लॅम्प १३ ते ५५ मिलिमीटर जाडीचं काहीही पकडतो. म्हणजे पडद्याचा रॉड, टेबलाची कड, बाल्कनीचं रेलिंग. मी तो खिडकीच्या ग्रिलच्या पाइपला लावला. फ्रेम एकदम सही!

मग पडला कसा? चूक शंभर टक्के माझी. कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा स्क्रू एका शूटच्या गडबडीत हरवला होता. मी हार्डवेअरच्या दुकानातून ‘तसाच दिसणारा’ ६ मिलिमीटरचा बोल्ट आणला. इथेच गोची आहे, मंडळी. आपण सगळं मिलिमीटरमध्ये मोजतो, पण कॅमेऱ्याचं भोक जगभर इंचात असतं. पाव इंच व्यास आणि इंचाला २० आटे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपला बोल्ट किंचित बारीक आणि त्याचे आटेही वेगळ्या अंतरावर. तो एक-दोन वेढे मजेत आत जातो, मग अडकतो. आणि आपल्याला वाटतं, घट्ट बसला! तो घट्ट नसतो, नुसता अडकलेला असतो. कॅमेऱ्याचं वजन पडलं की हळूहळू सुटतो.

त्यात मी आर्म पूर्ण ताणून लावलेला. तोच कॅमेरा क्लॅम्पपासून १० सेंटिमीटरवर टांगला आणि ३० सेंटिमीटरवर टांगला, तर सांध्यावरचा पिळ तिप्पट होतो. भरलेली पिशवी हात लांब करून धरून बघा, पटेल.

पुढच्या रविवारी सगळं नीट केलं. खरा पाव इंची स्क्रू. कोपर दुमडून आर्म आखूड. कॅमेऱ्याऐवजी मोबाइल, कारण वजन जवळपास पाचवा हिस्सा! आणि सिनेमाच्या सेटवर वर टांगलेल्या लाइटला बांधतात तशी एक वेगळी सेफ्टी दोरी, थेट ग्रिलला. मग दहा मिनिटं पोळपाट रिकामा ठेवला आणि दोनदा आर्मला लोंबकळल्यासारखं ओढून पाहिलं. कुणाच्याही डोक्यावर काही टांगणार असाल तर एवढं कराच, बॉस. पाळण्यावर बेबी कॅमेरा लावणाऱ्यांनी तर नक्कीच.

आजी स्टुलावर तिच्या जागी बसली. या वेळी तिला कुणी सरकवलं नाही. सात पोळ्या लाटल्या. पारीच्या कडा कशा जुळवते, गोळा तळहातावर कसा फिरवते, लाटणं कडेला येताच दाब कसा सोडते... तो सगळा ‘अंदाज’ अखेर मोबाइलमध्ये आला.

संध्याकाळी तिला व्हिडिओ दाखवला. चष्मा लावून तिनं पूर्ण बघितला. मग म्हणाली, ‘‘काय गं, माझा हात थरथरतोय का?’’

मी स्क्रीनकडे पाहिलं. पोळपाटाची कड जागच्या जागी. मागची बरणीही स्थिर. क्लॅम्प केसभरसुद्धा हलला नव्हता.

‘‘छे गं आजी,’’ मी म्हटलं, ‘‘तो क्लॅम्पच जरा हलला असेल.’’

‘‘मग घट्ट कर बाई नीट,’’ आजी म्हणाली. ‘‘पुढच्या रविवारी कटाची आमटी घेऊ.’’

आर्म अजून ग्रिलला तसाच आहे. मी काढलेला नाही.