डे-केअर सेंटर येतील, पण मर्केल कॅन्सरला लाईट कुठे मिळणार?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक चांगली घोषणा झाली. तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. केमोच्या सलाईनसाठी मुंबई-बंगळूरच्या खेपा मारणाऱ्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण या सेंटरांत मुख्यतः केमो मिळणार. रेडिएशनचे यंत्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणं’ म्हणतात ते, तिथे नसणार. आणि काही कॅन्सर असे आहेत, ज्यांत लाईटशिवाय भागत नाही.

मर्केल सेल कार्सिनोमा हा त्यातलाच एक. कातडीचा दुर्मिळ, पण अतिशय झपाट्याने वाढणारा कॅन्सर. सिरिल टोकर या डॉक्टरने १९७२ साली त्याचे पहिले वर्णन केले. अमेरिकन गायक जिमी बफेट १ सप्टेंबर २०२३ रोजी याच आजाराने गेले, तेव्हा पुष्कळ लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. अमेरिकेत वर्षाला तीनेक हजार रुग्ण सापडतात. गोऱ्या कातडीत तो जास्त दिसतो, आपल्याकडे फारच कमी. पण नाहीच असे नाही, आणि कमी दिसतो म्हणूनच ओळखायला उशीर होतो.

गाठ दुखत नाही, हीच पहिली फसवणूक. चेहरा, मान, हात अशा उन्हाच्या जागी लालसर किंवा जांभळट गोळा येतो आणि काही आठवड्यांत दुप्पट होतो. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या पुढचा. किडनी बदललेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांना धोका अधिक. घरचे म्हणतात गळू आहे, फार तर चरबीची गाठ, पोटीस बांधतात. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांना तपासलेल्या १० पैकी ८ गाठींत एक नवा विषाणू सापडला. तो विषाणू निरोगी माणसांच्या कातडीवरही सर्रास असतो, त्यामुळे रुग्णाला शिवल्याने कॅन्सर लागेल ही भीती निराधार आहे.

बायोप्सीतही गोंधळ होऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसारख्या किंवा लिम्फोमासारख्या दिसतात. सीके-२० सारख्या खास रंगचाचण्या केल्या की उलगडा होतो. गाठ काढली आणि बरणी लॅबला न पाठवता टाकून दिली, असे मात्र कुठल्याही गाठीच्या बाबतीत होता कामा नये.

आता मुद्द्याची गोष्ट. हा कॅन्सर रेडिएशनला चांगली दाद देतो. केमोने गाठ आकसते, पण बहुतेकदा काही महिन्यांत परत येते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर जखम भरली की गाठीची जागा, भोवतालची बरीच कातडी आणि गरज असेल तर जवळच्या लसिका ग्रंथी यांना लाईट देतात. ऑपरेशन झेपणार नसेल तर नुसत्या रेडिएशनवरही उपचार होतात. डोस साधारण ५० ते ६६ ग्रे. ग्रे म्हणजे किरणांचे माप. रोज २ ग्रे, आठवड्याला पाच दिवस धरले तर २५ ते ३३ सिटिंग. म्हणजे पाच ते साडेसहा आठवडे. एक सिटिंग काही मिनिटांचे, आणि त्यासाठी रोजची जा-ये.

इथे सीमाभागाचा प्रश्न उभा राहतो. निपाणीच्या सत्तरीतल्या आजोबांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. नकाशा सांगतो कोल्हापूर, कार्ड काय सांगेल ते वेगळेच. बेळगावात केएलईचे कॅन्सर हॉस्पिटल ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झाले, ही जमेची बाजू. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने आक्षेप घेतला. वाद दोन सरकारांचा, पण कॅन्सर निकालाची वाट बघत नाही. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही चालते, सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. मात्र ते हॉस्पिटल यादीत आहे का आणि तिथे रेडिएशन त्या कार्डावर होते का, हे ऑपरेशनच्या आधी विचारावे, नंतर नव्हे. ऑपरेशन एकीकडे आणि लाईटसाठी मंजुरीची धावाधाव दुसरीकडे, यात जे आठवडे जातात तेच या आजारात महाग पडतात.

खरा खर्च पुष्कळदा मशीनचा नसतोच. सहा आठवड्यांचे गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली रोजी, खोलीचे भाडे, हे कुठल्या पॅकेजात बसत नाही. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण माफी आहे, सोबत्याला ७५ टक्के. पण निपाणीला रेल्वेच नाही!

आजार पसरलेला असेल आणि माणूस थकलेला असेल, तर ८ ग्रेचे एकच सिटिंग हाही पर्याय आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ रुग्णांच्या ९३ गाठींना असे एकेक सिटिंग दिले, तेव्हा बहुतेक गाठी आकसल्या. यात आजार पुरता बरा होत नाही, पण वाहती गाठ आटोक्यात येते आणि रोजचा प्रवास वाचतो. ‘इतक्या लांबून रोज जमणार नाही’ म्हणून घरी बसणाऱ्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावे. पसरलेल्या आजारात २०१७ पासून अमेरिकेत इम्युनोथेरपीची इंजेक्शने मान्य झाली आणि त्यांनी चित्र बरेच बदलले. आपल्याकडे त्यांची किंमत सामान्य घराच्या आवाक्यात नाही.

हा कॅन्सर परतायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. त्या काळात दर काही महिन्यांनी कातडी बघणे, काखेतल्या-मानेतल्या गाठी हाताने चाचपणे, लागलीच तर सोनोग्राफी, एवढे काम जिल्ह्याच्या डे-केअर सेंटरात सहज होण्यासारखे आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. सेंटरच्या कामात ते आत्ताच घालून घ्यावे, आणि ज्या गावातून लाईटचे यंत्र शेजारच्या राज्यात जवळ पडते, तिथल्या रुग्णाला तिकडची मंजुरी आपल्याच जिल्हा रुग्णालयातून मिळावी, ही मागणी दोन्ही राज्यांच्या आमदारांकडे लावून धरता येईल.