स्वस्त घर आणि टिकाऊ घर

आमच्या पुतण्याचें कोंकणांतून पत्र आलें आहे. घराची मागील पडवी ढासळली. ती आतां काँक्रीटची करावी कीं जांभ्याचीच, असें तो विचारतो. असा पेंच पुष्कळ वाचकांनाही पडत असेल, म्हणून उत्तर येथेंच देतों.

प्रथम आमची चूक सांगणें प्राप्त आहे. १९९८ सालीं त्याच घराच्या माजघराची भिंत आम्हीं एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून सिमेंटच्या गिलाव्यानें मढविली. वहिनी तेव्हां म्हणाल्या, "भावोजी, भिंतीला श्वास घेऊं द्या." आम्ही हंसलों. चार पावसाळ्यांत गिलावा फुगून गळला व आंतील चिरा भुसभुशीत झाला. चिऱ्यांत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यांतून बाहेर पडते. सिमेंटचा घट्ट थर तिची वाट अडवितो. तेव्हां वाचविलेला पैसा पुढें दुपटीनें गेला.

तथापि जुनें तें सारें सोनें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व अवजड माळवदें यांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. दोष केवळ दगडाचा नव्हता. भिंतीचे दोन पदर आरपार दगडांनीं सांधलेले नव्हते, आणि माथ्यावरील ओझें फार होतें.

मग मध्यम मार्ग कोणता? जन्मानें इंग्रज असलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं तो केरळांत दाखविला. पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या वस्तूंनीं घर बांधावें, हा गांधीजींचा विचार त्यांनीं शिरोधार्य मानला. विटा कडेवर उभ्या लावून मध्यें पोकळी ठेवण्याची रीत त्यांनीं रूढ केली. तींत सुमारें चतुर्थांश विटा वांचतात व पोकळीमुळें उष्णताही कमी शिरते.

तेव्हां, चिरंजीव, जवळच्या खाणीचा जांभा घ्यावा. तो काढतांना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो. जोतें उंच करावें, कौलांची वळचण पुढें काढावी, जुने सागवानी वासे ठोकून पाहून पुन्हां वापरावे. दारांच्या माथ्यावरून मात्र सर्व भिंतींना कवळणारा सळयांचा काँक्रीटचा पट्टा अवश्य घालावा. सिमेंटचें खरें स्थान तें. गिलावा चुन्याचाच असावा.

'वास्तु' हा शब्द राहणें या अर्थाच्या 'वस्' धातूपासून झाला आहे. हा धातु आम्हीं वर्गांत अनेक वर्षें चालविला; त्याचा अर्थ तुझ्या आईला आमच्याआधीं कळला होता. तिच्या हयातींत हें कबूल करावयाचें राहून गेलें.