खोली कुणाच्या नावावर?

दिवाळीला माणदेशात मुंबईकर घरी येतात आणि फराळाच्या ताटावर गप्पा फिरून फिरून एकाच विषयावर येतात. चाळ पुनर्विकासाला गेली का? करारावर सह्या झाल्या का? संक्रमण शिबिरात अजून किती वर्षं काढायची? दहिवडी-म्हसवड-आटपाडीच्या माणसाला वरळी-लालबागच्या एफएसआयची एवढी काळजी कशाला, असं परक्याला वाटेल. पण आपल्याकडं पाऊस कधी भरवशाचा नव्हता. दुष्काळ पडला की माणसं जगायला बाहेर पडत, आणि त्यातली कितीतरी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, माथाडीच्या हमालीत शिरली. गावाकडचं घर त्यांच्या मनिऑर्डरीवर तगलं. म्हणून यंदाच्या अंकाचा विषय आम्ही शहरातलं घर हाच ठेवला आहे.

त्या घराचं खरं रूप आज पस्तिशीतल्या वाचकाला ठाऊक नसेल. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. दीडशे-एकशेसाठ चौरस फुटांची एक खोली, भिंतीकडेला ओळीनं मांडलेल्या ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खाणावळीत. भाडं सगळ्यांच्या वर्गणीतून. गावाहून नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडं कुणी पैसे मागत नसे. भाडेपावती मात्र एकाच्याच नावावर असायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुनर्विकासाचं धोरण ती पावती तेवढी ओळखतं. पावतीवर ज्याचं नाव, त्याला सदनिका. बाकीच्यांनी तिथं आयुष्य काढलं, वर्गणी भरली, याची नोंद कुठंच नाही. ज्या खोलीनं गाव एकत्र ठेवला, तिच्याचपायी गावात भावकीची भांडणं लागली. हा दोष आम्ही माणसांच्या माथी मारणार नाही. सामाईक घर नावाची गोष्ट असते हेच ज्या कायद्याला मान्य नाही, तो कायदा अपुरा आहे.

गिरण्यांच्या जमिनीचं याहून वाईट झालं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीचं काम पुन्हा मिळालंच नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमानं विकायला काढलेल्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जागेपुरती उरली. गिरणीच्या आवारात रिकामी जागा असते किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती उचलून धरली. त्याच सुमारास एकट्या कोहिनूर क्रमांक 3 ची जमीन 421 कोटींना गेली.

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवरच्या कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत 2012 मध्ये निघाली, 6,925 घरांची. अर्ज होते दीड लाखाच्या घरात. आता उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणीची नावं पुढं आली आहेत, म्हणजे परळपासून लोकलनं दीड-दोन तास. ज्यांच्या घामावर परळ-लालबाग उभं राहिलं, त्यांना कर्जतच्या वाटेला लावणं आम्हाला मान्य नाही. घर मुंबईतच मिळालं पाहिजे.

पुनर्विकासच नको, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांची घरं मिळाली. सामाईक संडासाच्या रांगेत ज्या बायकांची उभी हयात गेली, त्यांच्यासाठी स्वतःच्या घरातला संडास ही मोठीच गोष्ट आहे. पण चाळीस मजली इमारतीची लिफ्ट, पाणी, देखभाल यांचा खर्च दरमहा येणार. तो पेन्शनीत बसला नाही तर म्हातारी माणसं घर विकून बदलापूर गाठतील किंवा गावी परततील, आणि गावच्या पुढच्या पोराला मुंबईत पाठ टेकायला जागा उरणार नाही. तेव्हा या देखभालीची तरतूद घराच्या किल्लीबरोबरच झाली पाहिजे.

वाचकहो, या दिवाळीला घरातली माणसं एकत्र आहेत तोवर वडिलांची किंवा आजोबांची ट्रंक उघडा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीचा कागद, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, जे सापडेल ते जपून ठेवा आणि त्याच्या प्रती काढा. मूळ कामगार हयात नसेल तर अर्जावर वारसाची नोंद झाली आहे का, ते म्हाडाकडं तपासा. त्या वारसांत गावी शेत आणि पोरं सांभाळत राहिलेल्या आईचं नाव सगळ्यात आधी घाला.