दुसरा प्रश्न घामाचा

'घाम ही आतल्या बिघाडाची खूण आहे' हे चिनी वैद्यकाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, म्हणून तो मांडतो.

चिनी परंपरेत शरीराच्या बाहेरच्या थराचे रक्षण करणारी एक 'ची', म्हणजे जीवनशक्ती, मानली आहे. त्वचेची रंध्रे उघडणे-मिटणे तिच्या हाती. ती क्षीण झाली की माणूस काही न करता, उन्हात न जाता, दिवसाढवळ्या घामेजतो. त्याला वाऱ्याची झुळूक सोसत नाही आणि सर्दी त्याची पाठ सोडत नाही. रात्रीच्या घामाचे कारण वेगळे. तिथे यिन, म्हणजे शरीरातला गारवा आणि ओलावा, आटलेला असतो. मोकाट सुटलेली उष्णता झोपेत घाम बाहेर ढकलते आणि जाग येताच तो थांबतो. तळहात-तळपायांचा घाम, फक्त डोक्याचा घाम, अर्ध्याच अंगाचा घाम, कपड्यांवर पिवळा डाग ठेवणारा घाम, यांची कारणे पुन्हा निराळी. सगळ्यांच्या वर एक सूत्र: घाम हा हृदयाचा द्रव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांग्दी नेइजिंग' या ग्रंथात तर घामाची उगमस्थाने अवयववार वाटून दिली आहेत. तडस लागेपर्यंत जेवल्यावर येणारा घाम जठराचा, दचकल्यावर सुटणारा हृदयाचा, ओझे घेऊन लांब चालल्यावरचा मूत्रपिंडाचा, भिऊन पळतानाचा यकृताचा आणि अंगमेहनतीचा प्लीहेचा.

यातले काय टिकते? माझे उत्तर सरळ आहे. चिनी वैद्याने विचारलेले प्रश्न टिकतात, त्याने दिलेले निकाल टिकत नाहीत.

प्रश्नांबद्दल आधी. मिंग काळातला वैद्य झांग जिएबिन (१५६३–१६४०) याने रुग्णाला विचारायच्या दहा प्रश्नांची यादी केली. पहिला प्रश्न थंडी-तापाचा, दुसरा घामाचा. भूक, तहान, शौच-लघवी सगळे नंतर. आपल्याकडच्या दवाखान्यात 'फार घाम येतो हो' म्हटले की 'उकाडा किती आहे बघा ना' एवढ्यावर बोळवण होते, त्या पार्श्वभूमीवर हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गंमत अशी की आधुनिक त्वचारोगतज्ज्ञ नीट काम करू लागला की तोही हेच विचारतो. झोपेत घाम येतो का? दोन्ही बाजूंना सारखा येतो का? फक्त तळवे आणि काखा, की सगळे अंग? केव्हापासून? घरात आणखी कुणाला आहे का? लहानपणापासून वा ऐन तारुण्यापासून तळहात, तळपाय, काखा दोन्हीकडे सारख्या ओल्या होत असतील आणि झोपेत घाम थांबत असेल तर बहुधा घामग्रंथींना चेतवणाऱ्या मज्जातंतूंचाच तो अतिउत्साह असतो. मागे दुसरा आजार नसतो. उलट चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेला, सर्वांगाला येणारा, रात्री अंथरूण भिजवणारा घाम असेल तर डॉक्टर सावध होतो. झोपेतला आणि जागेपणीचा घाम वेगळा धरला पाहिजे, हे चिनी वैद्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय कळले होते. त्याचे श्रेय त्यांना न देणे हा कोतेपणा ठरेल.

आणखी एक. मरणासन्न रुग्णाचा घाम त्यांनी वेगळा नोंदवला आहे: तेलकट, थेंब थेंब साचणारा, हातपाय गार, नाडी तुटत चाललेली. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचे वर्णन आजच्या अतिदक्षता विभागातली परिचारिका याहून फार निराळे करणार नाही. अर्ध्या अंगाला घाम येऊ लागला तर पुढे ती बाजू लुळी पडेल, असा इशाराही 'नेइजिंग'मध्ये आहे. भाकीत म्हणून तो शंभर टक्के खरा नाही. पण एकाच बाजूला घाम येणारा रुग्ण आजही मेंदू-मज्जातज्ज्ञाकडेच पाठवला जातो.

आता निकालांकडे वळू. 'रात्रीचा घाम म्हणजे यिन कमी' हे वाक्य हल्ली मोबाइलवर इतक्या ठामपणे फिरते की हजारो वर्षांत कुणी त्याबद्दल शंकाच घेतली नसावी असे वाटावे. शंका घेतली होती, आणि घरच्यांनीच. त्याच झांग जिएबिनने बजावले की दिवसाचा घाम यांगच्याच (यिनच्या उलट, ऊब देणाऱ्या शक्तीच्याच) उणिवेचा आणि रात्रीचा यिनच्याच, असे समजू नका. दोन्ही घामांत दोन्ही प्रकार सापडतात. पुढे वांग चिंगरेन (१७६८–१८३१) हा हट्टी वैद्य आला. १७९७ मध्ये लुआनझोऊला साथीत दगावलेली मुले चटईत गुंडाळून उथळ पुरली जात आणि कुत्री ती उकरत. हा गृहस्थ रोज सकाळी तिथे जाऊन उघड्या पडलेल्या प्रेतांतले अवयव बघत बसे. परंपरेने काढलेली अवयवांची चित्रे चुकली आहेत, असे त्याने १८३० च्या आपल्या पुस्तकात छापून टाकले. त्याच पुस्तकात तो म्हणतो की ची वाढवणारी, यिन भरून काढणारी औषधे देऊनही घाम थांबत नाही, उलट वाढतो, असे रुग्ण आहेत. त्यांचे कारण साकळलेले रक्त. वांगचेही सगळे बरोबर नव्हते. प्रेतांच्या धमन्या रिकाम्या दिसल्या म्हणून त्याने त्यांत रक्ताऐवजी ची वाहते असे ठरवले. पण 'परंपरा सांगते' या युक्तिवादाला त्याने कायमचे भगदाड पाडले, कारण परंपरा एक सांगत नाही.

आपल्या परंपरेशी ताडून पाहा. आयुर्वेदात स्वेद हा मेदाचा मल. चरकसंहितेत स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद आणि लोमकूप सांगितले आहे, आणि अतिस्थूल माणसाच्या आठ दोषांत घामाचा त्रास मोजला आहे. घामाचा संबंध एका प्राचीन शास्त्राने चरबीशी जोडला, दुसऱ्याने हृदयाशी. प्राचीनता हाच पुरावा मानायचा तर दोघेही खरे मानावे लागतील. एकाच घामाचे दोन उगम कसे, याचे उत्तर मग 'चिनी माणसाचा घाम वेगळा' एवढेच उरते. आज आपल्याला माहीत आहे की घाम वीस ते चाळीस लाख सूक्ष्म ग्रंथींतून येतो आणि त्यांना हुकूम मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राकडून, अनुकंपी मज्जातंतूंमार्फत जातो. यकृताचा घाम आणि प्लीहेचा घाम अशा दोन नळ्या कुठे निघत नाहीत.

यावर समर्थक म्हणतात, यिन-यांग ही रूपके आहेत, शरीररचनेत शोधू नका, गुण आला की नाही ते बघा. ठीक. तेही बघितले गेले आहे. ऑस्ट्रेलियात ३२७ महिलांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा येणे, घामाघूम होणे हा त्यांचा त्रास. आणि चिनी पद्धतीने 'मूत्रपिंडाचे यिन उणावले' असे निदान झालेल्या महिलाच निवडल्या होत्या. निम्म्यांना त्या निदानाला धरून खरी अ‍ॅक्युपंक्चर, निम्म्यांना त्वचेत न शिरणाऱ्या बोथट सुयांचे नाटक. दोन्ही गटांचा त्रास सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. दोन्ही गटांचा! म्हणजे बाईला बरे वाटले हे खरे, पण ते बरे वाटणे यिनच्या सिद्धांताने कमावलेले नव्हते. कुणीतरी वेळ दिला, विचारपूस केली, आठवडे गेले, त्याचे ते फळ. शिवाय निदानातच एकवाक्यता नसेल तर सिद्धांत तपासायचा कसा? संधिवाताच्या रुग्णांना तीन-तीन चिनी वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला, तेव्हा त्यांचे निदान जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके जुळले.

माझा खरा राग मात्र निराळ्या ठिकाणी आहे. जुन्या चिनी ग्रंथांत यिन आटलेल्या रुग्णाचे एक चित्र पुन्हा पुन्हा येते: दुपारनंतर कणकण, गालांवर लाली, कोरडा खोकला, कधी थुंकीत रक्त, अंग वाळत चाललेले आणि रात्री घाम. हे वाचून कुठल्याही सरकारी दवाखान्यातली आरोग्यसेविका म्हणेल, 'थुंकी तपासा.' हा फुप्फुसाचा क्षय आहे. चित्र हुबेहूब आहे, रेषन् रेष बरोबर आहे, फक्त खाली लिहिलेले नाव चूक. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने जंतू दाखवला आणि १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, तेव्हा त्या रुग्णांना पहिल्यांदा मारा करण्याजोगे लक्ष्य मिळाले. तोवर यिन भरून काढण्याचे काढे पिऊन माणसे मरत होती. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आज भारतात आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, घटते वजन आणि रात्रीचा घाम, ही आपल्या क्षयनिर्मूलन कार्यक्रमाची पहिली चाळणी आहे. अशा देशात 'रात्री घाम येतो? यिन वाढवा, नासपती खा' हा सल्ला नुसता भोळा राहत नाही, घातक होतो. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, लिम्फोमात, रात्री चादर पिळावी इतका घाम येतो. थायरॉइड जोरात चालत असेल तर घाम, धडधड, हातांची थरथर. मधुमेह्याला इन्सुलिन जास्त झाले तर मध्यरात्री दरदरून थंड घाम फुटतो, आणि तिथे तर उशीर मिनिटांत मोजायचा असतो.

'पण अ‍ॅलोपथीने घामाचे काय दिवे लावले?' हा प्रतिटोला रास्त आहे. तळहाताचा घाम थांबवायला छातीतली मज्जातंतूंची साखळी कापतात. तळहात कोरडे होतात, आणि बऱ्याच जणांच्या पाठीला, पोटाला त्याहून जास्त घाम सुटतो. हा उपाय सांगताना दुसरे वाक्य गिळणारे डॉक्टर आहेत. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे लेप, पाण्यातून सौम्य वीजप्रवाह, बोटॉक्सची इंजेक्शने, यांनी गुण येतो, पण तो टिकवायला ती पुन्हा पुन्हा करावी लागतात. पण आपले औषध अपुरे पडते एवढ्याने समोरच्याचे कारण खरे ठरत नाही.

आणि चिनी औषध म्हणजे निरुपद्रवी पाला, हेही खुद्द चिनी ग्रंथकारांना मान्य नव्हते. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंगने 'शांगहान लुन' लिहिला. त्यात दालचिनीच्या फांद्यांच्या काढ्याची कृती आहे. काढा प्यायचा, थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचे. आपल्याकडे काढा पाजून घोंगडीखाली निजवतात, तसेच. पण पुढची सूचना आपण विसरतो: अंगभर नुसता ओलसरपणा यावा, पाण्यासारख्या धारा लागू देऊ नयेत, तशाने रोग जात नाही, आणि एका मात्रेने गुण आला तर उरलेला काढा पाजू नये. रक्तस्राव होणाऱ्याला, घसा कोरडा पडलेल्याला घाम काढायचा नाही, असेही त्याने लिहून ठेवले. घाम काढण्यासाठी तो वापरे त्या माहुआंग नावाच्या वनस्पतीतून जपानच्या नागाई नागायोशीने १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळे केले. तेच माहुआंग अमेरिकेत चरबी उतरवण्याच्या गोळ्यांत घालून विकले गेले, हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या तक्रारी आल्या, आणि २००४ मध्ये तिथे अशा पूरक गोळ्यांवर बंदी आली. औषध जुने होते. जुन्या वैद्याची मात्रा आणि मनाई तेवढी गाळली होती.

आज चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांत नाडी पाहणाऱ्या वैद्याच्याच इमारतीत क्ष-किरण यंत्र असते, रक्त-थुंकीची प्रयोगशाळा असते. रात्रीच्या घामाची तक्रार घेऊन आलेल्याची छाती तिथे तपासता येते, मग हवा तर घामावरचा पारंपरिक गव्हाचा काढाही देता येतो. आपल्याकडे चेहऱ्याचे चौकोन पाडून 'इथे घाम म्हणजे अमुक अवयव' सांगणारा जो तक्ता मोबाइलवर येतो, त्यात प्रयोगशाळा नसते आणि झांग जिएबिनच्या दहा प्रश्नांतला एकही प्रश्न नसतो.